गरिबाच्या नाण्याची साक्ष

पिरंगुटच्या एका विद्यार्थ्यानें आजीच्या बटव्यांतील झिजलेली शिवराई वर्गांत आणून दाखविली. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' हीं अक्षरें अजून वाचतां येत होतीं. घरीं मात्र ती जुन्या तांब्याबरोबर मोडींत घालण्याचा विचार चालला होता. हें ऐकून आम्हांस वाईट वाटलें. म्हणून हे चार शब्द.

१६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला. सभोंवतालच्या मोगल व सुलतानी नाण्यांवर फारसी-अरबी लिपि असतां महाराजांनीं आपलें नांव नागरींत घातलें. पुढें पेशवाईंतही तांब्याच्या पैशावर तेंच नांव राहिलें. परंतु सावकारांच्या व्यवहारांतील अंकुशी रुपया पहावा! १७७२ सालीं शहाआलम बादशहा मराठी फौजेच्या आधारानें दिल्लीस परतला. तरी रुपयावर नांव बादशहाचें, लिपि फारसी, आणि मराठ्यांची खूण एवढासा अंकुश. बादशाही नांवाचें चांदीचें नाणें बाजारांत निर्धास्त चाले, हें खरें. तथापि स्वराज्याची ग्वाही शेतकऱ्याच्या पैशानें दिली, धनिकाच्या रुपयानें नव्हे. कंपनी सरकारनेंही बादशहाच्या नांवाचा आडोसा घेतला, व पाय रोवल्यावर १८३५ सालीं रुपयावर विल्यम राजाचा मुखवटा आणिला.

दूरच्या आयर्लंडांतही असेंच घडलें. १७२२ सालीं वुड नामक इंग्रजास त्या देशासाठीं तांब्याचीं नाणीं पाडण्याचा मक्ता मिळाला. स्विफ्ट या धर्मोपदेशकाच्या पत्रांनीं लोक असे खवळले कीं तो मक्ता सोडावा लागला. शतकाच्या अखेरीस सुट्या पैशांची चणचण पडतां खाणवाल्या कंपन्यांनीं स्वतःचे अर्धपेनी पाडले, व कांहींवर हार्प हें तंतुवाद्य घेतलेली आयर्लंडमाता बसविली. तेथेंही देशाची मूर्ति हलक्या नाण्यावरच गांवोगांव फिरली.

मंदिराच्या भांडारांत गरीब विधवेनें टाकलेल्या दोन टोल्या प्रभूनें श्रीमंतांच्या देणग्यांहून अधिक मानिल्या. तेव्हां धातूच्या मोलावरून नाण्याची योग्यता ठरवूं नये, असें आमचें मत आहे. विद्यार्थिमित्रहो, घरांतील जुना पैसा हातीं आला, तर तो नीट वाचा. त्यावर नांव कोणाचें आणि तो कोणाच्या हातांतून फिरला, हें वडील मंडळींस विचारा. पालकांस आमची नम्र विनंति एवढीच कीं, शिवराई मोडींत देऊं नये. तांबें बाजारांत केव्हांही मिळेल. आजीनें जपलेलीं तीं अक्षरें पुन्हां मिळावयाचीं नाहींत.