बंब घेणे आणि बंब पोसणे

दरसाल वसंताच्या प्रारंभी आपल्यापैकी बहुतेकांच्या टपालपेटीत गावच्या अग्निशमन कंपनीचे एक साधे पत्र येऊन पडते. सोबत परतीचे पाकीट असते, आणि गेल्या वर्षी बंब किती वेळा बाहेर पडला याचा हिशेब दोन ओळींत दिलेला असतो. जाहिरातींच्या रद्दीबरोबर ते पाकीट अनेक घरांतून न उघडताच टाकले जाते, असे आपल्या मंडळाच्या सभासदांशी बोलताना आम्ही वारंवार ऐकले आहे. त्यांना आम्ही दोष देत नाही. कारण आग विझवणे म्हणजे नगरपालिकेचे काम, या समजुतीत लहानाचे मोठे झालेल्या मनुष्यास, हाक येताच दुकान किंवा शेत टाकून धावणारा गडी बिनपगारी आहे आणि त्याच्या हातातली नळी कोणाच्या तरी वर्गणीतून आलेली आहे, ही गोष्ट सहजी सुचत नाही.

आपल्या या पेन्सिल्व्हेनियात ही रीत फार जुनी आहे. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी 1736 साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यांची जी अग्निमंडळी उभी केली, तिचाच हा विस्तार. ख्रिस्ती उपवासपर्वातील शुक्रवारची मासळीची जेवणे, उन्हाळ्यातली जत्रा, सोडती, घरपट्टीबरोबर वसूल होणारा लहानसा अग्निकर, अशा अनेक झऱ्यांनी या कंपन्यांचा खजिना भरतो. शिवाय परराज्यांतील विमा कंपन्या येथे आगीच्या विम्याचे जे हप्ते गोळा करतात, त्यांवर दोन टक्के कर बसवून ती रक्कम स्वयंसेवकांच्या साहाय्यसंस्थांकडे वळवण्याची तजवीज राज्याने केलेली आहे. आमच्या मते यात लक्षणीय बाब रकमेची नसून तिच्या नियमितपणाची आहे. आणि तरीही, ज्या उपनगरांत आपली कुटुंबे नव्याने वस्तीस येत आहेत, तेथे घरे वाढत असता धावणारे हात घटत चालले आहेत. 1970 च्या दशकात या राज्यात तीन लाखांच्या घरात असलेले स्वयंसेवक 2018 पर्यंत चाळीस हजारही उरले नव्हते, असे राज्य विधिमंडळाच्या त्या वर्षीच्या अहवालाने नमूद केले आहे.

हे सर्व लिहिताना आमचे मन गोंदियाकडे ओढ घेते, आणि ते केवळ जन्मभूमीच्या मायेने नव्हे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि अरण्याचा. म्हणजे एकाच मुलखात सुके तणस, भाताच्या गिरण्या आणि वणव्याचे रान. कार्तिकात कापणी उरकली की मळणीच्या प्रतीक्षेत शेतोशेती धानाचे पुंजणे उभे राहतात. गोरेगाव तहसिलीतील आमच्या गावी एका रात्री असा पुंजणा पेटला, तेव्हा बोडीपासून शेतापर्यंत माणसांची रांग लागून घागरी हातोहात पुढे सरकत होत्या, आणि शेजारचे दोन पुंजणे ओल्या गोणपाटांनी झाकून वाचवणारी माणसे पहाटे धुराने काळवंडून बांधावर बसलेली आम्ही लहानपणी पाहिली. ज्याचा पुंजणा जळाला त्याच्या घरी पुढील पंधरवड्यात प्रत्येकाने कुडव-पायली धान पोहोचते केले. बंबाचे नाव त्या रात्री कोणी काढले नाही. तो येणार कोठून?

आज तो कोठून येतो, हे पाहिले पाहिजे. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली आहे. ग्रामपंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत मात्र तिचा उल्लेख नाही. सबब देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव ही तालुक्याची गावे अलीकडच्या काळात नगरपंचायती झाली, तेव्हा जी जबाबदारी पूर्वी कागदोपत्री कोणाचीच नव्हती ती त्यांच्या शिरावर आली, आणि भोवतालची शेकडो खेडी पूर्वीप्रमाणेच शेजाऱ्याच्या बंबाकडे डोळे लावून राहिली. गोंदिया शहराहून अर्जुनी मोरगाव साठ किलोमीटरांहून अधिक दूर आहे; तेवढे अंतर कापेपर्यंत गवती छपराचे काय उरते, ते सांगण्याची गरज नाही.

वाहनासाठी पैसा मिळत नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या 2006 च्या आगप्रतिबंधक कायद्यान्वये इमारतींकडून अग्निसेवा शुल्क व वार्षिक शुल्क घेता येते, जिल्हा नियोजन समितीकडून तरतूद होऊ शकते, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निसेवांसाठी 5000 कोटी रुपयांची योजना जाहीर केली, जीत बहुतेक राज्यांनी आपला 25 टक्के वाटा घालावयाचा होता. परंतु ज्या गावात दुमजली घरेही मोजकीच, तेथे इमारतींवरील शुल्काचे उत्पन्न ते किती होणार? मंजुरी मिळून लाल गाडी दारी येते, हार पडतात, छायाचित्रे निघतात. त्यानंतर चालकाचा पगार, रात्रपाळीची माणसे, डिझेल, फाटलेल्या नळ्या, पंपाची दुरुस्ती यांसाठी दरसाल लागणारी रक्कम लहान नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणे कठीण. पाण्याची टाकी रिकामी आणि घंटा ऐकायला कोणी नाही, अशी गाडी असण्यापेक्षा बोडीकाठची घागरींची रांग आम्ही अधिक विश्वासार्ह मानू.

रानाची गोष्ट याहून गंभीर आहे. एप्रिल 2021 मध्ये नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन वनमजुरांनी प्राण गमावले, आणि ती बातमी येथे वाचताना आमच्या हातून वर्तमानपत्र गळून पडले. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी लवकर फुटावी म्हणूनही रान जाळले जाते. या दोन्ही गोष्टींवर खरा तोडगा बंबाचा नाहीच. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाल्यावर देवरीसारख्या भागातील ज्या ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा व्यवहार आपल्या हाती घेतला, त्यांना रान न जळण्यातच आपला फड चांगला पिकतो हे उमगले. पूर्व विदर्भातील अशा ग्रामसभा फाल्गुनापासून पाळीपाळीने राखण करतात, जाळरेषा साफ ठेवतात, मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून काढतात, आणि त्याचा खर्च पत्त्याच्या उत्पन्नातून भागवतात. आमच्या दृष्टीने फिलाडेल्फियाच्या त्या जुन्या मंडळीची खरी भावंडे हीच होत.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही अशी सूचना मांडत आहोत की, गावाकडे आपल्या नावाची पाटी लावलेली गाडी देण्याचा विचार सोडून, अशा ग्रामसभांना पाच वर्षे दरसाल दिली जाईल अशी एक बेताची रक्कम बांधावी, आणि ती जाड बूट, हातमोजे, पाठीवरचे पाणीपंप, पाला उडवणारी ब्लोअर यंत्रे व राखणदारांचा विमा यांसाठीच असावी. मंडळाचा निधी कायद्याच्या दृष्टीने परकीय देणगी ठरतो, तेव्हा 2010 च्या परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेमार्फतच तो जाऊ शकेल. ज्या सभासदांनी भारतीय नागरिकत्व राखले आहे त्यांनी आपल्या वैयक्तिक बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशास मात्र ते बंधन नाही. जिल्ह्यातील संस्थांशी ज्यांचा प्रत्यक्ष परिचय आहे त्यांनी दिवाळीपूर्वी चिटणीसांकडे आपली नावे द्यावीत. पुंजणे तेव्हा उभे राहू लागलेले असतील. आणि टपालपेटीतले ते परतीचे पाकीट अद्याप टाकले नसेल, तर आजच भरावे.