काटकसरीला दंड नको

वीज स्वस्त हवी, ही कारखानदारांची मागणी जुनीच आहे. पण स्वस्त म्हणून ती उधळली गेली, तर नव्या विजेचा वाढीव खर्च कोणी सोसावयाचा? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली या प्रश्नाला दिलेले उत्तर आम्हांस विचारार्ह वाटते.

तेथे पीस व कोलंबिया नद्यांवरील जुन्या सरकारी धरणांची वीज स्वस्त, नवी वीज महाग. म्हणून खाणी, कागदाचे कारखाने अशा बड्या ग्राहकांचा वार्षिक पायाभूत वापर ठरविण्यात आला. त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत स्वस्त दर. त्यापुढे नव्या विजेच्या खर्चाशी जुळणारा चढा दर.

योजनेचे सारे मर्म या पायाभूत आकड्यात आहे. समजा, तो १०० युनिट आहे. कारखान्याने पदरचा पैसा घालून वापर ९० वर आणला, की चढा दर टळतो. पण पुढील वर्षी पायाच ९० धरला, तर स्वस्त वीज ८१ युनिटच मिळेल आणि काटकसर हाच गुन्हा ठरेल! स्वखर्चाने केलेल्या बचतीमुळे पाया घटू नये, अशी तेथील नियमांनी तजवीज केली. हे न्याय्यच झाले.

तथापि उधळ्याचा कालचा वापर हा त्याचा आजचा हक्क होता कामा नये. म्हणूनच हा आकडा बंद दाराआड नव्हे, तर सार्वजनिक आयोगापुढे, सर्वांच्या देखत ठरला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. धरणे लोकांची असतील, तर त्यांच्या विजेचा हिशेबही लोकांपुढेच झाला पाहिजे!