कोपऱ्यातली सही

अंबाजोगाई, परळी, केजकडची पोरं हल्ली भुताखेतांच्या शॉर्टफिल्म काढतात आणि पोस्टर करून घ्यायला आपल्याच बॅनरच्या दुकानात येतात. मोबाइलवर एखादं परदेशी पोस्टर दाखवून म्हणतात, ‘असंच, पण हातानं रंगवल्यासारखं पाहिजे.’ सिनेमातल्या भिंतीवर हॉलिवूडच्या एखाद्या भयपटाचं चित्र हळूच दडवायचं, हीही हौस असते. हौसेला आमची ना नाही. फक्त आधी मुळातला खेळ नीट बघावा.

वेस क्रेव्हनच्या ‘द हिल्स हॅव आइज’मध्ये (1977) ‘जॉज’चं फाटकं पोस्टर दिसतं. सॅम राइमीनं त्याचा अर्थ घेतला, की शार्कची भीती लटकी, खरी भीती इथे आहे. मग त्यानं ‘द ईव्हिल डेड’च्या (1981) तळघरात ‘हिल्स’चंच पोस्टर फाडून टांगलं. क्रेव्हननं उधारी ठेवली नाही. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ची (1984) नायिका झोप लागू नये म्हणून टीव्ही बघते, त्यावर ‘ईव्हिल डेड’च चालू असतो. राइमीनं ‘ईव्हिल डेड 2’मध्ये (1987) ‘एल्म स्ट्रीट’चा खलनायक फ्रेडी याचा पात्यांचा हातमोजा टांगून परतफेड केली. यातली कारागिरी अशी, की ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही त्यालाही तळघरात ओल धरलेला फाटका कागद खटकत नाही. प्रसंग कुठेही अडत नाही. कळलं त्याला गंमत, न कळलं त्याला तळघर.

पुढे तोच हातमोजा रामसे बंधूंच्या ‘महाकाल’मध्ये आला तो कथेसकट आणि स्वप्नांसकट. याला संदर्भ कसं म्हणायचं? त्यापेक्षा त्यांच्याच ‘पुराना मंदिर’मधला (1984) जगदीपचा मच्छरसिंग प्रामाणिक. तो गब्बरची उघड नक्कल करतो, आणि ‘शोले’ पाठ असलेल्या आपल्या प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आता पोस्टर. ‘द थिंग’साठी (1982) ड्रू स्ट्रुझननं एका रात्रीत चित्र केलं, तेही सिनेमा न बघता. बर्फातला एक माणूस आणि चेहऱ्याच्या जागी नुसता प्रकाश. राक्षस नाहीच. रामसेंची तऱ्हा उलटी, राक्षस, बाई, हवेली, रक्त सगळं एकाच कागदावर. आम्हाला दोन्ही पटतात. पण यात्रेत टूरिंग टॉकीजच्या तंबूवरून जाणारा माणूस चालता चालता ठरवतो, आत शिरायचं की पाळण्यात बसायचं. त्याला कोडं घालून चालत नाही.

‘हातानं रंगवल्यासारखं’ म्हणून आपण फिल्टर मारतो, तिथे खरी गफलत होते. फिल्टरचे फटकारे कपाळावर, केसांत, आभाळात सगळीकडे सारखेच पडतात. दिवाकर करकरे यांची पोस्टरं जवळून बघा. उजेड पडतो तिथे रंग जाड आणि धीट, बाकी ठिकाणी पातळ. होर्डिंगवाले पेंटर फोटोवर चौकटी आखून चेहरा वाढवायचे, पण गालाची एक बाजू हिरवी-निळी आणि दुसरी लाल ठेवायची हे त्यांचं त्यांनाच ठरवावं लागे. भीती त्या निर्णयात असते.

आणि संदर्भ परदेशातूनच का? राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’नं (2018) नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलं, भीतीचं बीज नारायण धारपांच्या कथेतून. आपल्या हाताशी बीडची खजाना बावडी आहे, अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती आहेत. पोस्टरच्या मागच्या अंधारात त्यांतलं काही दडवलं तर इथला माणूस ओळखेल, बाहेरच्याला नुसतंच गूढ वाटेल.

शेवटी करणाऱ्याच्या नावाचं. बाबूराव पेंटर कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवून सिनेमात आले. आडनाव मेस्त्री, पण लोक त्यांना कामावरूनच ओळखत राहिले. आपल्या बॅनरवर शुभेच्छुकांचे पंचवीस फोटो दाटीवाटीनं बसतात, करणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नसतं. यापुढच्या प्रत्येक पोस्टरच्या कोपऱ्यात आपलं नाव टाका. गिऱ्हाईक काढायला लावेल, तरी टाका. आणि गावातल्या एखाद्या जुन्या पेंटरच्या माळ्यावर रंगवलेलं पोस्टर किंवा होर्डिंगचा तुकडा उरला असेल, तर त्यांना विचारून त्याचा फोटो काढा आणि त्यांच्या नावासह आमच्याकडे पाठवा. आम्ही छापू.