तिसऱ्या मजल्यावरचे अंगण

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने पेडणे तालुक्यातील हरमलचे आपले जुने घर बंद केले आणि म्हापसा येथे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड थाटले. मुलाची नोकरी म्हापशास, नातवंडांची शाळा म्हापशास; मग वृद्ध आईने एकटीने त्या मोठ्या घरात पावसाच्या रात्री काढाव्यात, हे कोणासच बरे वाटेना. आईला सोबत घेऊन जा, असे निक्षून सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

महिन्याभराने आम्ही त्यांच्या भेटीस गेलो. घर स्वच्छ व हवेशीर होते. नळास पाणी होते, डोक्यावर पंखा फिरत होता. आई भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. प्रकृतीची विचारपूस केली तेव्हा ती म्हणाली, “सगळे बरे आहे. जेवण वेळेवर मिळते. पण दारावरून कोणी जात नाही.”

परतीच्या वाटेवर हे शब्द आमचा पाठलाग करीत राहिले. आमचा सल्ला चुकीचा नव्हता. परंतु तो अपुरा होता, हे मात्र खरे. घर कसे हलवावे, हे आम्ही सांगितले होते. घराबरोबर अंगण कसे न्यावे, हे सांगावयाचे राहून गेले होते.

वाचकहो, आज ही गोष्ट एकाच कुटुंबाची राहिलेली नाही. कोलवाळचा पूल ओलांडून आपली कितीतरी माणसे म्हापसा व पर्वरीच्या इमारतींतून राहावयास गेली आहेत. कित्येक मुंबईस व पुण्यास आहेत. मोपाच्या पठारावरील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुटू लागली आणि आपल्या तालुक्यातही जमिनीचे व घरांचे रूप पालटू लागले. यास्तव थोडक्या जागेत सुखाने कसे नांदावे, याचा विचार आपण आताच केलेला बरा.

हा विचार आपल्या लोकांस अगदीच नवा नाही. मुंबईस धोबी तलावाच्या परिसरात गोमंतकीय खलाशांचे व चाकरमान्यांचे जे ‘कूड’ म्हणून प्रसिद्ध क्लब, ते आठवून पाहावेत. एकेका गावाच्या लोकांनी एकेक कूड चालविला. त्यात प्रत्येकाच्या वाट्यास येई ती एक पेटी आणि रात्री चटई अंथरण्यापुरती जमीन. तरीही बोटीवरून उतरलेला खलाशी तेथे आला की आपल्या गावी आल्यासारखाच होई. याचे कारण असे, की त्या दालनात वेदी होती, सायंकाळी तेर्सास हजर राहण्याचा नियम होता आणि गावच्या आश्रयदात्या संताचे फेस्त तेथेही साजरे होई. जागा पेटीएवढी होती. परंतु ठरलेला एक कोपरा आणि ठरलेली एक वेळ सर्वांची मिळून होती. घरपण येते ते या दोहोंनी.

म्हणून नव्या बिऱ्हाडात प्रथम वेदीची जागा ठरवावी. ती दूरदर्शन संचाच्या डोक्यावर नसावी; सर्वांना गुडघे टेकून बसता येईल, अशा भिंतीस असावी. पडद्याजवळ मेणबत्ती पेटती ठेवू नये. बंद खोलीत पडदा पेट घेण्यास एक झुळूक पुरते. तेर्साची वेळ सर्वांनी मिळून ठरवावी आणि ती पाळावी. भिंतीपलीकडे कोणी आजारी असेल किंवा कोणाचे मूल परीक्षेच्या अभ्यासास बसले असेल, तर त्या दिवशी गायन हळू आवाजात करावे. आपली प्रार्थना शेजाऱ्यास जाच वाटू न देणे, हीदेखील प्रार्थनाच होय.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कौलांच्या घरास फटींतून वारा मिळतो; सिमेंटच्या बंद खोल्यांना तो मिळत नाही. म्हणून कपाट भिंतीस चिकटवून ठेवू नये, चार बोटे अंतर ठेवावे. पावसाने उघडीप दिली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा आरपार जाऊ द्यावा. ओले कपडे निजण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. त्यांतील सारे पाणी हवेत जाते आणि भिंतीवर बुरशी होऊन उतरते. तशी बुरशी दिसताच साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी करावी. मासळी धुतलेले पाणी तत्काळ ओतून द्यावे, खवले व डोकी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी कचऱ्यात द्यावी. लिंबाच्या साली घालून थोडे पाणी उकळले तर स्वयंपाकघरातील वास पुष्कळसा निवतो.

आता सज्जाकडे वळू. दोन पावले रुंदीचा सज्जा म्हणजे बाग नव्हे, हे मान्य. परंतु त्यात हरमलची मिरची होऊ शकते! या मिरचीस २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपणां पेडणेकरांस अभिमान आहेच. सज्जावर रोज पाच-सहा तास ऊन येत असेल, तर एका बऱ्याशा कुंडीत तिची दोन रोपे लावून पाहावीत. एका कुंडीत कोथिंबीर, दुसरीत आबोली असावी. रविवारी वेदीस फुले घरचीच होतील. कुंडीखालच्या ताटलीत मात्र पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरविणारा डास अशाच स्थिर, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास उडू लागतात. दर शनिवारी ताटल्या ओतून, घासून कोरड्या कराव्यात. तसेच झाडांना पाणी घालण्यापूर्वी खाली एकवार डोकावून पाहावे. खालच्या मजल्यावरील गृहिणीच्या वाळत घातलेल्या चादरीवर आपल्या कुंडीचे मातकट पाणी पडले, तर आपल्या आबोलीचे तिला काय कौतुक?

खिडकीच्या गजांविषयीही लिहिले पाहिजे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात युतुख नावाच्या तरुणाची हकीकत आहे. त्रोवस येथे संत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले. खिडकीत बसलेल्या युतुखास झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी त्यास मेलेला उचलला, परंतु पौलाने त्यास जिवंत केले. लांबलेल्या उपदेशाने डोळे मिटण्याचा प्रकार किती जुना आहे, हे यावरून कळतेच! परंतु ज्या घरात लहान मुले आहेत, त्यांनी खिडकीस गज लावणे किती अगत्याचे आहे, हेही कळते. गज लावताना त्यांत एक लहान दार ठेवावे, त्यास कुलूप असावे आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही, पण मोठ्यांस अंधारातही सापडेल, अशा ठिकाणी टांगावी. आग लागली असता पूर्ण बंद गजांची खिडकी हा पिंजरा ठरतो.

आणि शेवटी शेजार. प्रभू येशूने मध्यरात्री आलेल्या मित्राचा दाखला दिला आहे. तो लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे. दाराशी उभा असलेला मनुष्य पाहुण्यासाठी तीन भाकरी मागतो. आतला म्हणतो, दार लावले आहे, मुले माझ्याजवळ निजली आहेत, मला उठता येत नाही. सगळे एकाच ठिकाणी निजलेले. म्हणजे तेही लहानसेच घर असावे. जागा अपुरी होती, झोप मोडली होती, तरीही अखेर तो मनुष्य उठला. बंद दारांच्या इमारतीत राहणाऱ्या आपण सर्वांनी हा दाखला वारंवार वाचावा, असे आम्हास वाटते. मागणाऱ्याने संकोच सोडला, म्हणूनच देणाऱ्यास देता आले. एखादे वेळी शेजारणीकडे वाटीभर साखर मागावयास जावे. आपण मागितल्याविना तीही आपल्याकडे मागणार नाही.

त्या आईचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून हे लिखाण पुरे होणार नाही. सणावाराला आम्ही पुन्हा तेथे गेलो. सायंकाळी खाली पोदेराचा भोंगा वाजला. आई लगबगीने उठली, तिने गजांतील लहान दार उघडले आणि दोरीस बांधलेली एक टोपली खाली सोडली. टोपलीत पैसे होते. पोदेराने त्यात पोळ्या व उंडे ठेवले, वर पाहून काहीतरी थट्टा केली. तिनेही तशीच परत केली. ही युक्ती नातवाची होती. ‘शामाय, तू खाली उतरू नकोस, पाव वर येईल,’ असे म्हणून त्यानेच दोरी आणून दिली होती. पुढे समोरच्या बिऱ्हाडातील दोडामार्गच्या सूनबाईंना उतरण्याचा कंटाळा येई, म्हणून त्यांचे पाव याच टोपलीतून येऊ लागले. ते नेण्यासाठी त्या रोज दारी येतात, घटकाभर बसतात; आजी त्यांना मिरचीचे रोप दाखविते.

सर्व काही गोड झाले, असे आम्ही म्हणणार नाही. त्या दिवशीही तिने आम्हास विचारले, की घरामागच्या फणसाचे काय झाले, कौले कोणी पाहिली का. मुलगा आता तिला महिन्यातून एकदा हरमलास नेतो. घर उघडतात, झाडतात, खुरसापाशी मेणबत्ती लावून सायंकाळी परततात. ते घर तिच्या मनातून जावयाचे नाही आणि ते जावे, अशी अपेक्षाही कोणी धरू नये. वृद्धांना सुखसोयी देऊन आपले कर्तव्य संपत नाही. त्यांच्या हातांस एक काम द्यावे, आणि त्या कामाच्या निमित्ताने एखादे माणूस रोज त्यांच्या दारी येईल, असे करावे.

या आठवड्यात आमच्या वाचकांनी एवढेच करावे. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे, त्यांनी त्याची खुर्ची भिंतीकडून दाराकडे वळवावी. आणि जिन्यावरून जाणाऱ्यांनी त्या दारापाशी क्षणभर थांबावे.