वेगाची हौस आणि रोजची वाट

(एम. ए. भाग १)

आमच्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर (नाव अजून तेच आहे, सायकली मोजून चार असतात) सकाळी दहाच्या सुमारास एक परिसंवाद भरतो. अध्यक्षस्थानी एखादी जुनी मोटारसायकल असते आणि भोवती आठ-दहा विद्वान. तासाला तोंड न उघडणारी मंडळी इथे कार्बोरेटर आणि कॉम्प्रेशनवर खंडन-मंडन करतात. विषय ठरलेला : राजदूत ३५० श्रेष्ठ, येझदी रोडकिंग श्रेष्ठ, की यामाहा आर. एक्स. १००?

या तिन्ही गाड्या आमच्या जन्माआधीच बाजारातून गेल्या. राजदूत ३५० आपल्याकडे १९८३ साली आली आणि ते दशक संपता संपता गेली. रोडकिंग १९७८ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनत होती. तो कारखाना १९९६ साली बंद झाला. आर. एक्स. १००चा काळ १९८५ ते १९९६. येझदीचे नाव २०२२ साली बाजारात परत आले, पण ती गाडी फोर-स्ट्रोक. तिला आमचे विद्वान येझदी मानीत नाहीत.

माझी तक्रार वादाबद्दल नाही, कसोटीबद्दल आहे. कुठली गाडी जास्त पळते, एवढ्याच प्रश्नावर निकाल लागतो. पण रोज वापरायची जुनी गाडी निवडताना हा प्रश्न चौथा किंवा पाचवा असावा, असे माझे मत आहे, आणि ते मी विकत घेतले आहे.

२०२१ सालच्या दिवाळीच्या सुमारास एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि पुढचे पाचेक महिने आमच्या वाडीकडे एस. टी. धड फिरकली नाही. आमची वाडी पन्हाळ्याच्या उतारावर. कोल्हापूर वीसेक किलोमीटर. मी प्रथम वर्षाला, धाकटी बहीण अकरावीला. आबा म्हणाले, "पोरीचं कॉलेज बुडाय नको. गाडी बघ." म्हैस विकून आलेले पंचावन्न हजार त्यांनी माझ्या हातात दिले. त्या पैशात साधी, अलीकडची, फोर-स्ट्रोक गाडी सहज आली असती. शहाण्या माणसाने तीच घ्यावी, यात मला आजही शंका नाही. पण वय अठरा होते आणि काकांच्या तरुणपणातली येझदी मी फोटोत पाहिली होती. गाडी बघायला गेलो तेव्हा बहीण बरोबर होती. मी दोन सायलेन्सर, नवा रंग, टाकीवरची नक्षी बघत होतो. तिने एकच विचारले, "दादा, ही सकाळी पहिल्या किकला चालू होती न्हवं?" विकणाऱ्याने एका किकला चालू करून दाखवली. इंजिनाला हात लावून पाहायचे सुचले असते तर ते आधीच तापवून ठेवलेले आहे हे कळले असते.

रोडकिंग वाईट गाडी नाही. अडीचशे सी. सी., सोळा अश्वशक्ती, आणि घाट चढताना दोघे बसलो तरी ती कुरकुरत नसे. पण ती माणसाकडून रोज काहीतरी मागते. पॉइंटचा गॅप बिघडला की रुसते. मुख्य म्हणजे तिच्यात तेल आपल्या हाताने पेट्रोलात मिसळावे लागते. आमच्या मिस्त्रींनी पाच लिटरला दोनशे मिली असे बजावले होते. मी धूर कमी व्हावा म्हणून अंदाजाने कमी घालू लागलो. आता यातली गोम अशी की अशा टू-स्ट्रोक गाडीत पिस्टनला तेल पेट्रोलाबरोबरच पोचते. लांब उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल बंद केला की इंजिन तर जोरात फिरत असते, पण पेट्रोल कमी, म्हणून तेलही कमी. २०२३ साली बहिणीच्या बारावीच्या परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपराच्या दिवशी वाघबीळच्या उतारावर मागचे चाक एकदम जाम झाले. आम्ही पडलो नाही हे नशीब. ती दुधाच्या टेम्पोत बसून गेली आणि पेपर सुरू व्हायला पाच मिनिटे असताना वर्गात पोचली. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. दोष गाडीचा नव्हता, माझा होता. पण रोजच्या वापरात माणूस चुकणारच हे गृहीत धरूनच गाडी निवडली पाहिजे.

उद्यमनगरात बोअर मारून, नवा पिस्टन बसवून ती तोट्यात विकली.

मग मित्रांनी राजदूतचा आग्रह धरला. तीही चालवून पाहिली. दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि सुरुवातीच्या गाड्यांत तीस अश्वशक्ती. त्या काळी आपल्या रस्त्यावर तिच्यापुढे जाणारे फारसे काही नव्हते, हे मान्य. पण जपानी मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम आला. पळण्याची सोय ठेवली आणि थांबण्याची कापली, हा हिशेब मला पटत नाही. मित्राची गाडी लिटरला वीस-पंचवीसच्या पुढे गेलेली मी पाहिली नाही, आणि २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून तो ती रविवारीच बाहेर काढतो. रविवारी जरूर काढावी. रंकाळ्यावर ती उभी असली की मीही थांबून बघतो.

शेवटी आर. एक्स. १०० घेतली, तीही दुकानातून नाही. एक निवृत्त शिक्षक ती रोज शेतावर नेत होते. मडगार्डला चिखल होता, सीट फाटलेली होती. मी भल्या सकाळी न सांगता गेलो, इंजिन गार असताना स्वतः किक मारली, चासी नंबर आर. सी. बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. अठ्ठ्याण्णव सी. सी., अकरा अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास; ती पळते ती या हलकेपणामुळे. तेलाची टाकी वेगळी असते आणि पंप आपणच तेल सोडतो, म्हणजे माझ्या अंदाजाला तिथे वाव नाही. पॉइंटही नाहीत. वाडीतल्या मिस्त्रीला ती डोळे मिटून उघडता येते, ही गोष्ट मी अश्वशक्तीच्या वर मांडतो.

तिचेही दुखणे आहे. अस्सल सुटे भाग महाग, नकली मुबलक. चोरांचा तिच्यावर भारी जीव, म्हणून रात्री चाकात साखळी घालावी लागते. ब्रेक बेताचे. पंधरा वर्षे केव्हाच उलटल्यामुळे दर पाच वर्षांनी आर. टी. ओ.त पासिंगला उभे राहावे लागते. आणि धुराचे समर्थन मी करणार नाही. टू-स्ट्रोक इंजिन थोडे पेट्रोल न जळताच बाहेर टाकते, ते मागच्याच्या नाकात जाते. भूगोलाच्या सरांनी यावरून मला दोनदा टोकले आहे आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

स्टँडवरच्या परिसंवादात हल्ली मला बोलावत नाहीत. मी वेगाचा विषय निघाला की मिस्त्री किती अंतरावर आहे ते विचारतो, त्याने रंगाचा बेरंग होतो म्हणे. शिवाय बोलायला माझ्यापाशी गाडीही नसते. गेल्या वर्षी बहिणीने परवाना काढला. तिचे तास सकाळी सातला, माझे अकराला. ती पहाटे एका किकला आर. एक्स. चालू करून जाते आणि मी साडेनऊची एस. टी. धरतो.