तपासणीनंतरचे काम

गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळता येतो, याचा एक भक्कम पुरावा मराठवाड्यातील खेड्यांनी जगाला दिलेला आहे. टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांमध्ये ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, म्हणजे या कर्करोगास कारणीभूत असलेल्या विषाणूचा डीएनए गर्भाशयमुखावरील नमुन्यात शोधला गेला. दुसऱ्या गटात पॅप चाचणीने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. तिसऱ्या गटात व्हीआयए झाली, म्हणजे सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पांढरे पडणारे भाग नुसत्या डोळ्यांनी पारखले गेले. आणि चौथ्या गटाला प्रचलित सेवांपलीकडे तपासणी मिळाली नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू चौथ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले, तर उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नैतिकदृष्ट्या कितपत योग्य होते, याविषयी पुढे कठोर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती.

व्हीआयए कुचकामी आहे, असा अर्थ मात्र यातून काढता येत नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलनेच केलेल्या दुसऱ्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षित स्थानिक स्त्रियांनी ठरावीक कालांतराने पुन्हा पुन्हा व्हीआयए केली, तेव्हा बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. फेऱ्या चुकल्या नाहीत आणि कौशल्यावर देखरेख राहिली, म्हणून ते साधले. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक आराखड्याने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा व्हीआयए सुचवली. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीही झालेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत आढळले. शिवाय पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाचा तपासायचा भाग आत सरकत असल्याने उतारवयात व्हीआयएचा निकाल फारसा भरवशाचा राहत नाही, ही गोष्ट शिबिरांच्या अहवालांत क्वचितच नोंदली जाते.

या पार्श्वभूमीवर ठाणे जिल्ह्यातील सिद्धगड किल्ल्याच्या परिसराचा, म्हणजे मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील ठाकर, कातकरी व महादेव कोळी पाड्यांचा विचार केला, तर चाचणी कोणती यापेक्षा ती कधी करायची आणि तिच्यानंतर काय करायचे, हे प्रश्न मोठे ठरतात. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांचा हा प्रदेश. त्याच मुंबईतील परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत येथील स्त्री पोहोचते ती बहुधा अंगावरून लाल जाऊ लागल्यानंतर, रोग पसरल्यावर. दिवाळी उरकली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी जनजागृतीचा महिना म्हणून जगभर जानेवारी पाळला जातो आणि शिबिरेही त्याच सुमारास भरतात, तेव्हा अनेक कातकरवाड्यांवर म्हातारी माणसे आणि कुलपे यांखेरीज फारसे कोणी नसते. शिबिराची तारीख दिनदर्शिकेऐवजी शेतीच्या कामावरून ठरवली, तर भाताची लावणी संपल्यापासून कापणी सुरू होईपर्यंतचे काही आठवडे हाती येतात. ते निसटले तर भट्टीवरच जाणे भाग आहे.

एचपीव्ही चाचणीसाठीचा नमुना स्त्री स्वतः घेऊ शकते. पुरुष डॉक्टरापुढे तपासणीच्या टेबलावर जायचे नाही, एवढ्या एका कारणाने घरी थांबणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहता, आशा कार्यकर्तीने नमुना घेण्याची काडी घरी देऊन ती परत आणणे हा या भागातील सर्वांत व्यवहार्य मार्ग दिसतो. क्षयरोगाच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर एचपीव्ही चाचणीही करता येत असल्याने हे काम तालुक्याच्या पातळीवर आणणे अशक्य नाही. खरी अडचण निकालानंतर येते. उस्मानाबादेत तपासल्या गेलेल्यांपैकी सुमारे १० टक्के स्त्रियांमध्ये विषाणू आढळला होता. अशा बहुतेकींना कर्करोग नसतो, तो होण्याचा धोका तेवढा वाढलेला असतो. परंतु ‘पिशवीच्या तोंडात दोष आहे’ एवढेच सांगून स्त्रीला ठाण्याची किंवा उल्हासनगरची चिठ्ठी दिली, तर दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे यांचा हिशेब करून ती जात नाही, आणि तपासणीने तिच्या पदरी फक्त धास्ती येते. पूर्वकर्करोग अवस्थेतील भाग उष्णतेने नष्ट करणारे उपकरण विद्युतघटावर चालते, हातात मावते आणि त्याचा उपचार काही मिनिटांत भूल न देता होतो. ते आणि ते चालवण्यास प्रशिक्षित डॉक्टर हे दोन्ही तालुक्याच्या ठिकाणी ठरल्या वारी हजर असल्याशिवाय एकही नमुना गोळा करू नये, अशी अट जिल्ह्याच्या नियोजनात असायला हवी. अट कठोर वाटेल. पण तपासलेल्या स्त्रियांची संख्या वाढवून दाखवण्याच्या ओढीला दुसरा लगाम नाही.

लसीकरणाची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे सोयच घातक ठरू शकते. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये आश्रमशाळांतील आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लसीकरणानंतर नोंदले गेलेले मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, असा चौकशीचा निष्कर्ष असूनही अविश्वास वर्षानुवर्षे टिकला. त्याच स्थगितीमुळे बार्शी व पुण्यासह देशातील अनेक केंद्रांवर चाललेल्या दुसऱ्या एका अभ्यासातील हजारो मुलींना ठरलेल्या मात्रांऐवजी एकच मात्रा मिळाली. त्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर विषाणूच्या १६ व १८ या दोन घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एक मात्राही सुमारे ९५ टक्के संरक्षण देते, असे २०२१ मध्ये दिसून आले आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. संशोधनाला असा अनपेक्षित लाभ झाला, म्हणून त्यामागची संमतीची पायमल्ली क्षम्य ठरत नाही.

शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत ९ ते १४ वयाच्या मुली एका छताखाली सापडतात, म्हणून लस देणे सोपे आहे आणि पालक दूर असतात, म्हणून अधीक्षकाची सही घेण्याचा मोह तितकाच मोठा आहे. जूनमध्ये मुलींना शाळेत सोडायला आणि दिवाळीच्या सुटीत न्यायला आई-बाप स्वतः येतात. त्या दोन वेळांना परिचारिका तेथे बसली, त्यांच्या बोलीत लसीविषयी बोलली आणि नकार देणाऱ्याचा नकार लिहून घेतला, तर सही-अंगठ्याला अर्थ राहील. शाळा सुटलेल्या, लहान वयात लग्न होऊन भट्टीवर गेलेल्या मुली मात्र या यादीत येणारच नाहीत, आणि धोका सर्वाधिक त्यांनाच आहे. त्यांची नावे आशा कार्यकर्तीच्या वहीतून स्वतंत्रपणे काढावी लागतील. पुण्याच्या सीरम संस्थेने २०२२ मध्ये देशी लस जाहीर केली, त्यामुळे आयात लसीवरचे अवलंबन कमी होण्याची वाट खुली झाली. या याद्या करण्याचे काम मात्र कोणतीही कंपनी करून देणार नाही. लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी लागेलच, आणि त्यांच्या आयांची वेळ तर आताच आली आहे. म्हणून जूनमधील त्या भेटीत मुलीच्या संमतिपत्राबरोबर आईच्या हाती नमुन्याची काडीही द्यावी.