मद्यार्कापासून वीज : शेतकऱ्यानें काय मागावें?

उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो व तो पेट्रोलमध्यें मिसळतात, हें आपल्या बागाईतदार वाचकांस सांगणें नलगे. २०२५ सालीं हें मिश्रण शेंकडा २० पर्यंत पोंचलें. परंतु इंजिनांत जाळलेल्या इंधनाची बरीचशी शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. तोच मद्यार्क न जाळतां इंधनघटांत घातला, तर त्यापासून सरळ वीज मिळूं शकते. मात्र त्या घटांत मद्यार्काचें ऑक्सिडीकरण घडविणारा उत्प्रेरक लागतो, आणि तो मुख्यतः प्लॅटिनम किंवा पॅलॅडियम ह्या महाग धातूंचा असतो.

धातूच्या कणांत पृष्ठभागावरचेच अणु काम करतात. आंतले नुसते बसून राहतात. २०११ सालीं चीनमधील डालियन येथील शास्त्रज्ञांनीं प्लॅटिनमचे सुटे अणु लोहाच्या ऑक्साइडवर बसवून दाखविले, तेव्हांपासून सुट्या अणूंच्या उत्प्रेरकांकडे सर्वांचें लक्ष लागलें. बीं एका ठिकाणीं न ओततां टोकण करावी, तशी ही रीत आहे. थोडक्या धातूंत पुष्कळ काम होतें.

पण येथें एक मेख आहे. मद्यार्काच्या रेणूंत कार्बनचे दोन अणु जोडलेले असतात. ही जोडी तुटून पूर्ण ऑक्सिडीकरण झालें, तर एका रेणूमागें १२ इलेक्ट्रॉन मिळतात. न तुटतां शिरक्यांतील आम्लापाशींच काम थांबलें, तर अवघे ४. जोडी तोडण्यास बहुधा धातूचे शेजारी शेजारी अणु लागतात. एकटा अणु तेथें तोकडा पडतो. म्हणून दुसऱ्या धातूच्या पृष्ठावर हे सुटे अणु बसविण्याचे प्रयोग चालू आहेत.

आमचें मत असें कीं, शेतकऱ्यानें ह्या विद्येस भुलूं नये, पण तिच्याकडे पाठही फिरवूं नये. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं काढलेला रसायन तंत्रज्ञानाचा विभाग आज दादरलगत माटुंग्यास स्वतंत्र संस्था म्हणून नांदत आहे. पुण्याजवळ मांजरी येथें ऊस उत्पादकांनीं १९७५ सालीं स्थापिलेली, आज वसंतदादांचें नांव धारण करणारी, साखर संस्था आहे. एकीपाशीं रसायनविद्या, दुसरीपाशीं आपला ऊस. सहकारी कारखान्यांच्या सभासदांनीं वार्षिक सभेंत ठराव करून ह्या दोहोंकडे तीन प्रश्न पाठवावेत : १२ पैकीं किती इलेक्ट्रॉन हातीं येतात? उत्प्रेरक किती तास टिकतो? त्यांत धातु किती लागतो? आणि ही परीक्षा आपल्याच डिस्टिलरींतल्या मालावर व्हावी. प्रयोगशाळेंतील शुद्ध मद्यार्काचा आंकडा त्यास लागू पडेलच असें नाहीं.

हीं उत्तरें मिळेपर्यंत अशा घटांत भांडवल गुंतवूं नये. परंतु तीं मिळविण्याचा खर्च कारखान्यांनीं नाकारूंही नये. आपल्या मालाचा गुण ज्यास ठाऊक नाहीं, त्यास दुसऱ्यानें ठरविलेला दरच घ्यावा लागतो.